डोह सगळ्यांचा, जागा कुणाची?

मुलांनो, नदी म्हटलं की कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर दोन्ही काठ भरून वाहणारं पाणी येतं. आमच्या ईटच्या मुलांना विचाराल, तर ती म्हणतील, "नदी? पावसाळ्यात असती की!" ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेवरचं गाव. मांजरा नदी याच बालाघाटात, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. डोंगराच्या दुसऱ्या उताराचं पाणी सीना नदीत जातं. सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे आमच्या भागात शेजारशेजारच्या दोन माळांवर पडलेले पावसाचे थेंब एकमेकांना पुन्हा भेटायचे, ते थेट बंगालच्या उपसागरात!

पण हे सगळं पावसाळ्यातलं. होळी झाली की ओढे-नद्या आटायला लागतात. मग उरतो कुठे एखादा डोह, कुठे बंधाऱ्यामागचं पाणी, कुठे १९७२च्या दुष्काळात लोकांनी माती वाहून बांधलेला पाझर तलाव. मैलभर पसरलेले मासे त्या तेवढ्याशा पाण्यात गोळा होतात. आणि मासे जिथे गोळा होतात, तिथे गळ घेऊन माणसंही गोळा होतात, नाही का? रविवारी सकाळी एका डोहाच्या काठावर दहा-बारा काठ्या दिसतात. त्यात शाळेतली मुलं असतात, सुट्टीवर आलेला एखादा फौजी असतो, म्हातारे आजोबा असतात. पाणी तेवढंच, मासे तेवढेच, आणि चांगल्या जागा तर त्याहून कमी! मग जागा कुणाची? मासा कुणाचा?

आमचं घर माळकरी. आमच्याकडे मासा शिजत नाही, आणि गळ मी उभ्या आयुष्यात हातात धरलेला नाही. पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं मासे धरतात. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी त्यांची जी भांडणं माझ्यापुढे येतात, त्यांतली अर्धी काठावरची असतात. "बाई, यानं माझ्या जाग्यावर गळ टाकला." "बाई, यानं माझा तंगूस तोडला." निवाडा करायचा, तर आधी कायदा माहीत पाहिजे. म्हणून मी काठावर जाऊन बसले, जाणत्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं. तेव्हा कळलं, की गळाच्या काठावर एक न लिहिलेला कायदा आहे आणि तो फार जुना आहे.

किती जुना? आपल्या उमरग्यापासून फार लांब नाही, असं बसवकल्याण नावाचं गाव आहे. आज ते कर्नाटकात आहे. पूर्वी ती कल्याणीच्या चालुक्य राजांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं सुमारे ११३० साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात शंभर अध्याय आहेत. राज्य कसं करावं इथपासून ते स्वयंपाक, हत्ती, गाणं, खेळ इथपर्यंत सगळं काही त्यात आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा भागही आहे, म्हणजे गळानं मासे धरण्याची करमणूक! कोणत्या जातीचा मासा कुठे राहतो, त्याला कोणता चारा आवडतो, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, हे सगळं राजानं बारकाईनं सांगितलं आहे. सुंदरलाल होरा या आपल्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ साली या भागावर लेख लिहिला, तेव्हा अभ्यासकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. इंग्रज लोक आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ सालच्या गळावरच्या पुस्तकाचं मोठं कौतुक करतात. करू द्यात बापडे! आपला राजा त्यांच्या पाचशे वर्षं आधीचा.

या राजाची एक गोष्ट आमच्या डोहावर आजही जशीच्या तशी चालते. एका ठरावीक जागी माशांना चारा टाकत राहायचा, म्हणजे त्यांना त्या जागेची सवय लागते. आमच्याकडचे एक आजोबा हेच करतात. आदल्या संध्याकाळी ते पेंड आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा मुठीमुठीनं एकाच जागी टाकून येतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिथेच जाऊन बसतात. आता सांगा, त्यांच्या आधी कुणी तिथे येऊन गळ टाकला, तर ते बरोबर का चूक?

माझ्या वर्गात यावर चांगलाच वाद झाला. एक गट म्हणाला, नदी सरकारची, जो आधी येईल त्याची जागा. दुसरा गट म्हणाला, कष्ट आजोबांचे, तर मासाही आजोबांचा. मी आजोबांनाच विचारलं. ते हसले. म्हणाले, "चारा टाकला म्हनून काय डोह माझा झाला का, बाई? पर त्यानं इचारावं येवढंच. इचारलं तर मी नाही कुनाला म्हनत न्हाई." हाच तो न लिहिलेला कायदा. आधी बसलेल्याचा मान पहिला. नंतर येणाऱ्यानं विचारायचं. आणि विचारल्यावर 'नाही' म्हणायचं नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे, बरं का. तडक जाऊन शेजारी बसायचं नाही. थोडं मागे थांबायचं आणि हळूच म्हणायचं, "आजोबा, गावलं का काही?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळेलच असं नाही! पिशवीत चार मासे असले तरी लोक "कुठं काय" असंच म्हणतात. पण प्रश्न विचारला म्हणजे ओळख झाली. मग "बसू का हितं?" आणि मग उत्तर येतं, "बस की, पर पान्यावर सावली पाडू नगंस."

सावलीचं हे काय प्रकरण आहे? इथे थोडं विज्ञान येतं. एका वाडग्यात नाणं ठेवा. आता इतके मागे सरका, की वाडग्याच्या काठाआड नाणं दिसेनासं होईल. मग तिथूनच पाहत राहा आणि भावाला किंवा बहिणीला वाडग्यात हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं पुन्हा दिसायला लागेल! पाण्यातून बाहेर येताना प्रकाशाचा किरण वाकतो, म्हणून असं होतं. माशाच्या बाबतीत हेच उलट्या बाजूनं घडतं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीच्या कडेला असलेल्या वस्तू चपट्या, दबलेल्या दिसतात. म्हणून काठावर खाली बसलेला माणूस त्याला फारसा जाणवत नाही. उभा राहिलेला माणूस मात्र लगेच दिसतो. त्यात त्याची सावली पाण्यावर हलली, तर बगळा आला असं समजून मासा खोल जातो. तुम्ही उभे राहिलात तर तुमचाच मासा जातो असं नाही, शेजारच्या चौघांचाही जातो.

आता आवाजाचं. "गप्प बसा, मासे पळतील," असं मोठी माणसं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरूनच तो बहुतेक परत फिरतो. म्हणून हळू आवाजात गप्पा मारायला काहीच हरकत नाही. पण काठावर धपाधप पळणं, दगड घसरवणं, पाण्यात खडे मारणं हे मात्र माशाला चांगलंच कळतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. शिवाय माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. रोहू मासा हातात घेतला तर ती स्पष्ट दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीकशी हालचालही मासा या रेघेनं ओळखतो. तेव्हा गप्पा चालतील, शिवणापाणी नको!

जागा मिळाली, बसलात. आता दोन काठ्यांमध्ये अंतर किती ठेवायचं? याचं मोजमाप कुणी टेपानं करत नाही. आपली काठी शेजाऱ्याच्या बाजूला आडवी केली आणि त्यानंही तसंच केलं, तरी एकमेकांना लागू नयेत, इतकं तरी हवंच. गळ आपल्या समोर टाकायचा, तिरका शेजाऱ्याच्या पुढ्यात नाही. आणि टाकण्यापूर्वी मागे वळून पाहायचं. का? कारण मागे झुलणारा गळ म्हशीच्या कानात, बाभळीच्या फांदीत किंवा धाकट्या भावाच्या गालात अडकतो. गळाला उलटा काटा असतो, तो आत शिरला की ओढून निघत नाही. अशा वेळी ओढाओढ न करता सरळ दवाखाना गाठायचा.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला, तर काय करायचं? आपला तंगूस पटकन गुंडाळून घ्यायचा. मरळ किंवा शिंघाळा गळाला लागला, की तो डोहभर येरझाऱ्या घालतो आणि इतरांच्या दोऱ्यांत गुंतवळ करून टाकतो. पंधरा मिनिटं आपलं नुकसान होतं खरं, पण हा मान सगळे जण पाळतात. मदत मात्र मागितली तरच करायची. दुसऱ्याच्या ताणलेल्या दोऱ्याला आपण होऊन हात लावला आणि मासा सुटला, तर ते तुम्हाला बारशापर्यंत ऐकवलं जाईल, तेही तुमच्या नातवाच्या!

आणि दोरे गुंतलेच तर? माझ्या वर्गातली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. गुंता सोडवायचा असतो, तोडायचा नसतो. अगदीच सुटेना, तर ज्यानं नंतर टाकला त्यानं आपला दोरा तोडायचा. हा नियम मला फार आवडला, कारण त्यात पुरावा लागत नाही. नंतर कुणी टाकला हे दोघांनाही ठाऊक असतं.

कॅनडात सामन नावाच्या माशाच्या काही नद्यांवर तर याहून वेगळीच पद्धत आहे. तिथे कुणीच एका जागी बसत नाही. डोहाच्या वरच्या टोकाला सगळे रांगेत थांबतात. पहिला गळ टाकतो, एक-दोन पावलं खाली सरकतो, पुन्हा टाकतो. मग त्याच्या मागचा सुरू करतो. डोहाच्या खालच्या टोकाला पोहोचला, की तो बाहेर येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी. म्हणजे सगळ्यात चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा वेळ येते. तुम्हाला कशाची आठवण झाली? मला तर आमच्या हापशावरच्या घागरींच्या रांगेची! फरक एवढाच, की हापशावर आपण नसलो तरी आपली घागर आपला नंबर धरून ठेवते. डोहावर तसं चालत नाही. काठी रोवून घरी जेवायला गेलात, तर जागा गेली. आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे.

आतापर्यंत आपण माणसांमाणसांतलं पाहिलं. पण डोहात आणखीही कुणाकुणाचा हक्क असतो. मरळ माशाचंच घ्या. हा मासा पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतो, म्हणून आटत्या डोहात तो शेवटपर्यंत तग धरतो. तो आपल्या पिल्लांना सांभाळतो. पावसाळ्यात काठाजवळ तांबूस-नारिंगी बारीक पिल्लांचा पुंजका पाण्यावर खालीवर करताना दिसला, तर समजा खालीच त्यांचा राखणदार मरळ आहे. अशा वेळी तो चिडलेला असतो. समोर काहीही आलं तरी त्यावर झेप घेतो, म्हणून गळाला चटकन लागतो. पण राखणदार गेला, की तो पुंजका इतर मासे एका दुपारीत फस्त करतात. जाणते मासेमार पुंजका दिसला, की तिथून काठी उचलतात.

चढणीच्या माशांचंही तसंच. पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत वर चढतात, ते अंडी घालायला. त्या दिवसांत ते उथळ पाण्यात काठीनं मारतासुद्धा येतात. लोक मारतातही. पोटात अंडी असलेला एक मासा मारला, म्हणजे पुढच्या रविवारचे, पुढच्या वर्षीचे मासे मारले, एवढा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमतो.

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथल्या लोकांनी हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि डोहातले मासे देवीचे मानतात. त्यांना कुणी धरत नाही, उलट खाऊ टाकतात. त्यामुळे तिथे महाशीर जातीचे मोठमोठे मासे काठावरून दिसतात. वाटणीचं भांडणच नाही!

आता एका वाईट गोष्टीबद्दल बोलायलाच हवं, आणि हे आईबाबांनीही वाचावं. उन्हाळ्यात डोह लहान झाला, की काही जण गळ घेऊन बसण्याचा कंटाळा करतात. कुणी पाण्यात औषध टाकतं. पूर्वी गेळफळासारखी झाडपाल्याची फळं कुटून टाकत, आता शेतात फवारायचं कीटकनाशक टाकतात. कुणी सुरुंगाची दारू फोडतं. कुणी विजेच्या तारेवर आकडा टाकून प्रवाह पाण्यात सोडतं. क्षणात सगळा डोह पांढरा होतो. मोठे मासे पोत्यात जातात आणि बोटाएवढे हजारो तिथेच कुजतात. त्याच पाण्यावर संध्याकाळी गुरं येतात. विजेच्या प्रवाहानं तर पाण्यात उतरलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ सालच्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानंच बंदी केलेली आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना कायदा! तेव्हा कुणी तार घेऊन डोहाकडे निघालेलं दिसलं, तर मुलांनो, थांबवायला स्वतः पाण्याजवळ जाऊ नका. घरी मोठ्यांना सांगा. आणि तरंगलेला आयता मासा कितीही मोठा दिसला, तरी घरी आणू नका.

याहून लहान, पण रोज घडणारी गोष्ट म्हणजे तुटलेला तंगूस. तो नायलॉनचा असतो. पाण्यात किंवा मातीत तो वर्षानुवर्षं कुजत नाही. पाणकावळ्याच्या पायाला, कासवाच्या मानेला तो गुंडाळला जातो. काठावर चरणारी शेळी गवताबरोबर गळही गिळते. आमच्या आजोबांच्या खिशात काडेपेटीची एक रिकामी डबी असते. तुटलेला तंगूस बोटावर गुंडाळून ते त्या डबीत टाकतात. आता माझ्या वर्गातल्या सात जणांकडे अशा डब्या आहेत. एकानं तर डबीवर 'सरकारी जमा' असं लिहून ठेवलंय!

शेवटी, ज्यांचं पोटच पाण्यावर आहे, त्यांच्याविषयी. आपल्याकडे भोई समाजातली कितीतरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आली आहेत. तलावांमधल्या मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. संस्था पैसे भरून ठेका घेते, कटला, रोहू, मृगळाचं बोटभर बीज विकत आणून सोडते आणि ते वाढण्याची वाट पाहते. तेव्हा तलावावर गळ टाकायचा असेल, तर आधी त्यांना विचारायचं. पोराटोरांना बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. पण न विचारता टाकलेला गळ ही चोरीच. त्यांचं जाळं पाण्यात कुठे आहे, ते वर तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या तुकड्यांवरून कळतं. त्या रांगेपासून लांब बसायचं.

आणि गळ जाळ्यात अडकलाच, तर हिसके द्यायचे नाहीत, चाकू तर लावायचाच नाही. थांबायचं, हाक मारायची. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी आपला दहा रुपयांचा गळ सोडवायला जाळं हातभर कापलं आणि निघून गेलं. ते जाळं माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरचं होतं. तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना सुतानं चरे पडले होते. वडील आणि तो, दोघं मिळून एकेक घर विणत बसले होते. मी विचारलं, "कुणी कापलं ते कळलं का रे?" तो म्हणाला, "कळलंय, बाई. पर तो आल्ता काल. वडलांनी त्याला सुई धराया शिकवली."